पोरगा अजून अल्टूनात आहे

पिट्सबर्गमधल्या बेसबॉलवेड्या माणसाला आजचा स्कोअर विचारू नये. तो सांगेल, नाही असं नाही. पण सांगताना नजर चुकवेल आणि लगेच विषय हवापाण्यावर नेईल. त्याला विचारायचं ते उद्याचं. "पोरं काय म्हणतायत?" एवढं म्हणून बघा, माणूस खुर्ची ओढून बसतो. ही पोरं त्याच्या घरची नसतात. घरचं पोर यंदा कितवीत आहे हे त्याला बायकोला विचारावं लागतं. ही पोरं म्हणजे पायरेट्स या संघाने करारात बांधून ठेवलेली, अठरा-एकोणीस-वीस वर्षांची, फ्लोरिडात नाहीतर नॉर्थ कॅरोलायनात कुठेतरी खेळणारी मुलं. त्यांतल्या एकालाही त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. पण एकाचा डावा घोटा गेल्या मंगळवारी मुरगळला, दुसऱ्याचा स्लायडर हल्ली बरा वळतो, तिसऱ्याला डावखुऱ्या पिचरसमोर काही सुचत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं.

पायरेट्सचं मैदान, पीएनसी पार्क, २००१ साली उघडलं. ते ॲलेगेनी नदीच्या काठावर आहे. बसल्या जागेवरून नदी दिसते, नदीवरचा पिवळा पूल दिसतो आणि पलीकडे गावातल्या उंच इमारती दिसतात. अमेरिकेतल्या सगळ्यात देखण्या मैदानांत त्याचं नाव घेतात. मैदान इतकं देखणं असण्यात एक तोटा आहे : माणसं देखावा बघायला येतात आणि मालकांना वाटतं, खेळ बघायला आली. अशा मैदानात, पायरेट्स सातव्या इनिंगला सहा रन्सनी मागे असताना माझ्या मागच्या रांगेत चाललेला हा संवाद :

"शॉर्टस्टॉपचं काय करायचं?"

"काही करायचं नाही. पोरगा येतोय."

"कधी?"

"सध्या अल्टूनात आहे."

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी इंडियानापोलिस. घाई नाही करायची. पोर नासतं."

समोर मैदानावर त्या क्षणी एक जिवंत शॉर्टस्टॉप उभा होता. चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला. मागच्या दोघांनी साधं "अरेरे"सुद्धा केलं नाही. त्यांच्या हिशेबी तो तिथे नव्हताच.

आपल्याकडच्या वाचकाला यातली गंमत कळायला एक गोष्ट सांगायला हवी. सचिन तेंडुलकर १९८९ साली, सोळाव्या वर्षी, कराचीत थेट कसोटी खेळला. बेसबॉलमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधला मुलगा सोळाव्या वर्षी फार तर करारावर सही करतो आणि मग जिना चढायला लागतो. अमेरिकन मुलगा शाळा संपवून अठराव्या वर्षी, नाहीतर कॉलेजातून एकविसाव्या वर्षी, ड्राफ्टमध्ये निवडला जातो. त्यालाही तोच जिना. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली चार छोटे संघ, तीस संघांचे मिळून १२०. पायरेट्सचा जिना असा : ब्रेडन्टन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस, आणि मग देवाची कृपा असेल आणि कोपर शाबूत राहिलं तर पिट्सबर्ग. भलेभले वर्षानुवर्षं एकाच पायरीवर बसून असतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला कॉनर ग्रिफिन २०२५ च्या एकाच हंगामात, एकोणिसाव्या वर्षी, ब्रेडन्टन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना अशा तीन पायऱ्या चढला. त्या वर्षी पायरेट्स ७१ सामने जिंकले, ९१ हरले आणि गटात शेवटचे आले. संघ तळाला होता आणि गाव खुशीत होतं.

या जिन्यावरचं जिणं काही थाटाचं नसतं. रात्रभर बसचा प्रवास, सकाळी सराव, संध्याकाळी सामना. पगाराबद्दल तर बोलायची सोय नव्हती. २०२२ साली या मुलांची युनियन झाली आणि २०२३ च्या करारानंतर सगळ्यात वरच्या पायरीवरच्या मुलाला वर्षाला किमान ३५,८०० डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर, म्हणजे मोठ्या संघात, किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. एका पायरीचा फरक. "पोराला घाई करायची नाही" असं म्हणणाऱ्या माणसाने हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघावेत.

आता मुलं निवडतात कशी? स्काउट नावाचा गृहस्थ मुलगा बघायला जातो, तो कार्यक्रम आपल्याकडच्या दाखवण्याच्या कार्यक्रमाची सख्खी आवृत्ती आहे. पोह्यांऐवजी हॉट डॉग असतो आणि मुलाला गाणं म्हणायला लावत नाहीत, एवढंच. मुलाचे खांदे बघतात. "अजून भरेल" म्हणतात. वडिलांना उभं करून त्यांची उंची बघतात. चालताना बघतात, पळताना घड्याळ लावतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत स्वभावाची चौकशी करतात. नंतर गुणमेलन. गुण पाच : चेंडू बॅटवर घेणं, ताकद, पळणं, झेलणं-अडवणं आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० मधला आकडा. ५० म्हणजे मोठ्या संघातला सरासरी खेळाडू. शून्यापासून सुरुवात का नाही आणि शंभरापर्यंत का जात नाही, हे विचारायचं नसतं; छत्तिसाच्या जागी चाळीस गुण का नाहीत हे आपण तरी कुठे गुरुजींना विचारतो? शिवाय प्रत्येक गुणाला आकडे दोन. एक आजचा आणि एक पुढेमागे होईल तो. मुलगा आज काय आहे यावर लग्न ठरत नाही, पुढे काय होईल यावर ठरतं. पूर्वीचे स्काउट तर मुलाचा चेहरा चांगला आहे की नाही हेसुद्धा लिहायचे. चेहऱ्याने होमरन कसा मारतात ते कुणाला ठाऊक. पण स्थळ बघायला गेलेल्या माणसाला असलं काही विचारू नये.

हे आकडे हल्ली मैदानाबाहेर आले आहेत. आमच्या शेजारी एक दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना माझ्या बायकोने बटाटेवडे दिले. त्यांनी एक वडा डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "सारण ७०. आवरण सध्या ५०, पण ५५ होईल. हात आहे मुलीला." मुलगी बावन्न वर्षांची आहे. पण "पुढे होईल" ऐकून तीही खूश झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. तेव्हा या विद्येत काहीतरी असलं पाहिजे.

चेहऱ्यावर भाळण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बिली बीन. उंच, देखणा, पाचही गुणांत पैकीच्या पैकी. १९८० साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. सहा हंगामांत मिळून त्याची सरासरी .२१९ भरली, म्हणजे बेसबॉलच्या उदार हिशेबानेसुद्धा नापास. नंतर हाच माणूस ओकलंडच्या संघाचा जनरल मॅनेजर झाला आणि चेहरा, खांदे, चाल सगळं सोडून फक्त आकडे बघायला लागला. त्यावर २००३ साली 'मनीबॉल' हे पुस्तक निघालं आणि २०११ साली सिनेमा. देखणेपणावर विसंबू नये असं सांगणाऱ्या या सिनेमात बीनचं काम ब्रॅड पिटला दिलं.

उलट बाजूला माइक पियाझा. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर, डॉजर्स या संघाने त्याला घेतलं. तेही डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लासोर्डा हे पियाझाच्या वडिलांचे दोस्त होते म्हणून. चक्क वशिला. पुढे त्याने ४२७ होमरन मारले आणि २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याचं इतकं चोख काम दुसऱ्या कुठल्या खात्यात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आता ड्राफ्ट वीसच फेऱ्यांचा आहे. म्हणजे उद्याचा पियाझा वशिल्यानेसुद्धा येऊ शकत नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

ड्राफ्ट सुरू झाला १९६५ साली. दुसऱ्याच वर्षी मेट्सची पहिली निवड होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला. तो मोठ्या संघात कधी एक सामनाही खेळला नाही. दुसऱ्या क्रमांकावर ज्याला घेतलं त्याचं नाव रेजी जॅक्सन, होमरन ५६३. यावरून माणसाने निष्कर्ष काढला असता की ही भानगड बेभरवशाची आहे, आपण आपलं हॉट डॉग खावं. पण बेसबॉलच्या चाहत्याने काढलेला निष्कर्ष असा : तिथे मी असतो तर जॅक्सन घेतला असता. प्रत्येक चाहत्याजवळ 'मी तेव्हाच म्हटलं होतं' अशा मुलांची एक यादी असते. ती यादी नेहमी घटनेनंतर सापडते.

ही स्मरणशक्ती वंशावळी पाठ करायच्या तोडीची आहे. पिट्सबर्गमध्ये कुणाहीजवळ मार्क अपेलचं नाव काढा. २०१२ साली पायरेट्सने अपेल या पिचरला आठव्या क्रमांकावर निवडलं. त्याने सही करायला नकार दिला आणि परत कॉलेजात गेला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तो काही चमकला नाही, २०१८ मध्ये खेळ सोडून गेला, परत आला आणि २०२२ साली, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मोठ्या मैदानावर उतरला. अपेल गेला त्याची भरपाई म्हणून पायरेट्सना २०१३ मध्ये एक जादा निवड मिळाली. त्यांनी ऑस्टिन मेडोज घेतला. २०१८ मध्ये तोच मेडोज, त्याच्याबरोबर टायलर ग्लासनाऊ आणि वर शेन बॅझ अशी तीन तरणीबांड पोरं टँपा बेला देऊन पायरेट्सनी क्रिस आर्चर नावाचा तयार पिचर आणला. आर्चर पुढच्या हंगामात ३ सामने जिंकला आणि ९ हरला. २०२० चा हंगाम शस्त्रक्रियेत गेला आणि नंतर तोही गेला. ग्लासनाऊ २०२५ मध्ये डॉजर्सच्या वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात होता. हे सगळं दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात दोन आरसे आणि एक नळी असताना सांगतात. आर्चरपाशी आले की त्यांचा हात थोडा जोरात चालतो.

ट्रेड हा प्रकार चाहत्याच्या हातात द्यायचा नसतो. प्रत्येक चाहत्याचा प्रस्ताव एकाच साच्याचा असतो : आमची कामातून गेलेली तीन माणसं घ्या आणि तुमचा तारा द्या. समोरचा संघ हे का करेल, असं विचारलं तर "त्यांनाही बदल हवाच आहे" असं उत्तर येतं. आणि गंमत अशी की अधूनमधून खरोखर असं होतं. १९८७ मध्ये डेट्रॉइटने डॉयल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर अटलांटाकडून आणला. तो ९ सामने जिंकला, एकही हरला नाही, डेट्रॉइट गटात पहिला आला. बदल्यात जो पोरगा दिला तो जॉन स्मोल्ट्झ. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉइटने बरोबर केलं की चूक, यावर अजूनही भांडणं होतात. माझ्या मते बरोबर केलं. गटात पहिलं येणं ही हातात येणारी वस्तू आहे. पण हे मत या गावात उघड बोलण्याची सोय नाही.

ट्रेडमध्ये कधीकधी 'नाव नंतर सांगू' असा खेळाडू देतात. म्हणजे आज माणूस घ्या, बदल्यात कोण द्यायचा ते मागाहून ठरवू. १९६२ साली क्लीव्हलंडने हॅरी चिटी नावाचा कॅचर अशाच बोलीवर मेट्सला दिला. मेट्सने त्याला पंधरा सामने खेळवून पाहिलं, सरासरी निघाली .१९५. बदल्यात कोण द्यायचा ते ठरवायची वेळ आली तेव्हा मेट्सने चिटीलाच परत पाठवला. माणूस स्वतःच्याच बदल्यात विकला गेला. दोन्ही बाजूंना समान किंमत मिळालेला इतिहासातला हा बहुधा पहिलाच ट्रेड असावा.

पण खरा रस आहे तो हिशेबात. संघाची यादी चाळिसांची. त्यांतले सव्वीस प्रत्यक्ष खेळणारे. चाळिसांतल्या मुलाला तीन हंगामांपर्यंत बिनदिक्कत खाली पाठवता येतं. नंतर पाठवायचं तर दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. शिवाय जो मुलगा चार-पाच वर्षं जिन्यावर आहे आणि तरी चाळिसांत घेतलेला नाही, त्याला डिसेंबरात दुसरा कुठलाही संघ घेऊ शकतो. अट एवढीच की पुढचा अख्खा हंगाम त्याला मोठ्या संघात ठेवायचं. या नियमाला नुसतंच 'रूल फाइव्ह' म्हणतात. पिट्सबर्गला या नियमाबद्दल देवाधर्माइतकं प्रेम आहे. कारण १९५४ साली पायरेट्स शेवटचे आले होते, म्हणून त्यांना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी डॉजर्सचा एक वीस वर्षांचा मुलगा ४,००० डॉलरला उचलला. तो रोबेर्तो क्लेमेंटे. त्याने ३,००० हिट्स मारले आणि १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. मैदानासमोरच्या त्या पिवळ्या पुलाला त्याचं नाव आहे. तेव्हापासून दर डिसेंबरला गाव नव्या क्लेमेंटेची वाट बघतं आणि बहुतेकदा हाती एक उंच, डावखुरा, दिशाहीन पिचर लागतो.

या सगळ्या हिशेबाचा कळस म्हणजे सेवेचे दिवस. मोठ्या संघात सहा वर्षं पुरी केल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही, आणि वर्ष म्हणजे १७२ दिवस. हंगाम त्याहून थोडा मोठा असतो. म्हणजे पोराला सुरुवातीचे दोन आठवडे खाली बसवून ठेवलं की वर्ष भरत नाही आणि संघाला त्याचं एक वर्ष जास्त मिळतं. शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट २०१५ च्या सराव सामन्यांत ९ होमरन मारून बसला. त्या वर्षी इतके कुणीच मारले नव्हते. कब्जने त्याला खाली आयोवात पाठवलं. कारण दिलं की त्याचं क्षेत्ररक्षण सुधारायला हवं. ते १७ एप्रिलला सुधारलं. हंगामाअखेर ब्रायंटच्या खात्यावर दिवस जमले १७१. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी कब्ज १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले. त्याने त्या एका दिवसासाठी दाद मागितली. २०२० च्या सुरुवातीला निकाल लागला : तो हरला.

हे ऐकून तुमचा-आमचा संताप होईल. पण आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, त्यांचं ऐका. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात त्यांनी तरुणपणी काम केलं. कारखाना १९८६ मध्ये बंद होईपर्यंत तिथेच होते. त्यांचे पणजोबा त्याच कारखान्यातल्या १८९२ च्या संपात होते, असं ते सांगतात. युनियनचं कार्ड अजून पाकिटात असतं. आयुष्यात या माणसाने मालकाची बाजू घेतलेली नाही. पण २०२४ साली पॉल स्कीन्स या पिचरला पायरेट्स मे महिन्यात वर आणणार म्हटल्यावर आजोबा खवळले.

"जूनपर्यंत खाली ठेवायला काय झालं होतं? एक वर्ष फुकट घालवतायत लेकाचे!"

"कुणाचं वर्ष, आजोबा?"

"आपलं!"

कोट्यधीश मालकाचे पैसे वाचावेत म्हणून एकवीस वर्षांच्या कामगाराचा पगार अडवावा, असं म्हणताना आजोबांच्या खिशात युनियनचं कार्ड होतं. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. ब्लडप्रेशरचा त्रास आहे त्यांना. पण मला वाटतं, या खेळाने केलेला सगळ्यात मोठा चमत्कार हाच. सामान्य माणसाला घरबसल्या मालक करून सोडलं, एक पैसा न देता. तो 'आपण त्याला वर आणला', 'आपण त्याला विकला' म्हणतो. 'आपण' काय केलेलं असतं? तिकीट काढलेलं असतं, पार्किंगचे पैसे भरलेले असतात.

स्कीन्सचं पुढे असं झालं की ब्रायंट प्रकरणानंतर, २०२२ च्या करारात, नियमच बदलला होता. सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या मतदानात पहिल्या दोघांत आलं की दिवस कमी असले तरी वर्ष पुरं धरायचं. स्कीन्स ११ मे रोजी पहिला सामना खेळला आणि वर्षाअखेर मतदानात पहिला आला. त्याला वर्ष मिळालं. कामगाराचा विजय झाला आणि आजोबा चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

हा स्कीन्स पायरेट्सना मिळाला तोही नशिबाने. पूर्वी जो सगळ्यात जास्त हरे त्याला ड्राफ्टची पहिली निवड मिळे. मग संघ हरण्यातच मन लावू लागले. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०१३ मध्ये १११ सामने हरले. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने जून २०१४ मध्ये मुखपृष्ठावर त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरचं चित्र छापून त्यांना २०१७ चे विजेते ठरवून टाकलं, लोक हसले. २०१७ मध्ये ते खरोखर जिंकले आणि त्या मालिकेत सर्वोत्तम ठरला स्प्रिंगर. तेव्हापासून प्रत्येक हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला वाटतं, आपण हरत नसून पुनर्बांधणी करतोय. नंतर असं उघड झालं की ॲस्ट्रोज त्या वर्षी कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवत होते. पुनर्बांधणीच्या कुठल्याही आराखड्यात डब्याचा उल्लेख नव्हता. आणि हरण्याने जिंकता येत असतं तर पायरेट्सनी केव्हाच राज्य केलं असतं. १९९३ ते २०१२ असे लागोपाठ वीस हंगाम ते जिंकण्यापेक्षा जास्त हरले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत असा विक्रम दुसऱ्या कुणाचा नाही.

हरण्याची ही शर्यत थांबावी म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा ड्राफ्टची सोडत काढली. ती जिंकले पायरेट्स. २०२३ मध्ये स्कीन्स आला. २०२५ मध्ये त्याने नऊ इनिंगमागे दोन रन्सही दिल्या नाहीत, १.९७ ची सरासरी, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने. सामने जिंकला १० आणि हरला १०. कारण पिचरने कितीही अडवलं तरी कुणीतरी रन्स काढाव्या लागतात, आणि ते कुणीतरी अल्टूनात होते.

स्कीन्सच्या पहिल्या सामन्याच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं, संग्राहकांसाठीचं एक एकुलतं एक कार्ड निघालं होतं. ते परत आणून देणाऱ्याला पायरेट्सनी होमप्लेटमागच्या जागांची तीस वर्षांची तिकिटं देऊ केली. कार्ड सापडलं लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला. घरच्यांनी विचार केला आणि कार्ड लिलावात ११ लाख डॉलरला विकलं. तीस वर्षं पायरेट्स बघायचे हे बक्षीस की शिक्षा, यावर पिट्सबर्गमध्ये महिनाभर विनोद चालले. सगळ्यात कडवट विनोद करणाऱ्यांकडे हंगामाची तिकिटं होती.

आपल्या मंडळींनाही याची लागण झालेली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काका रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचा विषय काढल्याशिवाय प्रसादाला हात लावत नाहीत. २००८ साली भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची चेंडूफेकीची स्पर्धा झाली. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू त्यातून पुढे आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. दोघांनी त्याआधी बेसबॉल धड पाहिलाही नव्हता. पटेल लवकर परतला. रिंकू जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर काही वर्षं टिकला, मग कोपर दुखावलं आणि नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये 'वीर महान' झाला. २०१४ साली त्यांच्यावर सिनेमा आला.

"थोडी कळ काढायला हवी होती पायरेट्सनी," काका म्हणतात. "आपलं पोर आलं असतं वर."

"काका, उत्तर प्रदेश आपलं कधीपासून?"

"अरे, परदेशात सगळं आपलंच असतं."

मंडळातल्या आयांचं मात्र वेगळं. त्यांना पाच गुणांत रस नाही. शाळेतून थेट सही करणाऱ्या मुलाच्या करारात पुढच्या कॉलेज-शिक्षणाचे पैसे लिहून घेता येतात, हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा या खेळाकडे आदराने पाहिलं. स्कीन्स आधी एअर फोर्स अकॅडमीत शिकत होता हे कुणीतरी सांगितलं. "मग चांगल्या घरचा आहे," असा निकाल लागला. पिचिंगबद्दल कुणी काही विचारलं नाही.

तुम्हाला हे सगळं स्वतः बघायचं असेल तर उन्हाळ्यात इकडे या, पण पीएनसी पार्कला एक संध्याकाळ पुरे. दुसऱ्या दिवशी गाडी काढून पूर्वेला अल्टूनाला जा. जुनं रेल्वेचं गाव आहे. जवळच १८५४ साली डोंगरात काढलेलं घोड्याच्या नालाच्या आकाराचं रेल्वेचं वळण आहे, त्यावरूनच संघाचं नाव अल्टूना कर्व्ह. मैदानाच्या उजव्या कुंपणापलीकडे जुना रोलर कोस्टर दिसतो. तिकीट स्वस्त असतं, जागा इतकी जवळ मिळते की पोराच्या कपाळावरचा घाम दिसतो. फक्त निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या. ज्याला बघायला जाल तो खरोखर चांगला असेल, तर गेल्याच आठवड्यात त्याला इंडियानापोलिसला हलवलेलं असतं.